परतीच्या वाटेचा परवाना

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरा नदीच्या पुलाने दोन कोल्हार गावे जोडली आहेत. एका तीरावर भगवतीमातेच्या मंदिराचे कोल्हार बुद्रुक, राहाता तालुक्यातले. दुसऱ्या तीरावर कोल्हार खुर्द, राहुरी तालुक्यातले. पूल ओलांडला की तालुका बदलतो, तहसील कचेरी बदलते. परंतु बाजाराला, शाळेला वा सोयरिकीला जाणाऱ्या माणसाला त्या पुलावर कोणी कागद विचारीत नाही. जाणे आणि येणे ही एकाच प्रवासाची दोन अंगे आहेत, असे तो गृहीत धरून चालतो. याच पंचक्रोशीतून विद्येच्या ओढीने सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या अध्यापकाला मात्र तसे गृहीत धरता येत नाही. त्याच्या तेथे जाण्याचा परवाना वेगळा, तेथे राहण्याचा वेगळा, आणि मध्येच घरी येऊन पुन्हा आपल्या कामावर रुजू होण्याची परवानगी त्याहूनही वेगळी. पहिल्या दोहोंची चौकशी सारेच करतात. तिसरीची आठवण बहुधा रात्री-अपरात्री घरून दूरध्वनी आल्यावर होते.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचा आहे, कोल्हारसारख्या गावाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी राहिलेली नाही. कोल्हारपासून जवळच असलेल्या लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. त्या कारखान्यामागोमाग शाळा आल्या, महाविद्यालये आली, १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. दुसऱ्या बाजूस राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ऊस, कांदा, डाळिंब यांवर संशोधन करणारे प्राध्यापक, वैद्यकातील पदवीधर आणि पीएच. डी. करणारे विद्यार्थी यांच्या घरात आज अमेरिकेतील विद्यापीठाचे निमंत्रण येणे ही नवलाची गोष्ट नाही. निमंत्रण आले की गावात सत्कार होतो, फलक लागतो. त्या निमंत्रणाबरोबर येणारे कागद कोण वाचतो, हा खरा प्रश्न आहे.

विनिमयाची मूळ कल्पना

अभ्यागत प्राध्यापकांना व संशोधकांना अमेरिकेत ज्या परवान्यावर जावे लागते त्यास ‘जे-१’ व्हिसा म्हणतात. त्याचे मूळ १९६१ च्या परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमय कायद्यात आहे. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांचे नाव या कायद्याशी जोडलेले आहे. त्यांच्याच नावाच्या शिष्यवृत्तीसाठी पंडित नेहरूंच्या सरकारने १९५० च्या फेब्रुवारीत अमेरिकेशी करार केला, आणि २००८ च्या नव्या करारानंतर भारत या योजनेच्या खर्चात बरोबरीचा भागीदार झाला. तेव्हापासून या शिष्यवृत्त्यांस फुलब्राइट-नेहरू हे नाव आहे.

कायद्याच्या नावातील ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अभ्यागताने जावे, शिकावे, शिकवावे आणि परत यावे. तसेच तिकडच्यांनी इकडे यावे, अशी ही कल्पना आहे. ती कागदावरच राहिली असे नाही. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे आयुष्यभर मराठी समाजाचा अभ्यास केला. गेल ऑम्वेट महाराष्ट्रातील चळवळींचा अभ्यास करावयास आल्या, येथेच राहिल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. विद्येचा व्यवहार हा असा दुतर्फा असतो. ये-जा थांबली की तो केवळ स्थलांतर होऊन बसतो.

एका चिठ्ठीचे मोल

शिक्षण अर्धे टाकून परतावे लागणे आणि पुन्हा जाऊन ते पूर्ण करणे, यात लेखी परवानगीचे मोल काय असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार त्यांनी करून दिला होता. कोलंबियाहून ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांचे ग्रंथ व सामान घेऊन निघालेली बोट पाणतीराने बुडाली.

तरीही एक गोष्ट बुडाली नव्हती. चार वर्षांच्या मुदतीत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच मिळवून ठेवली होती. त्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले. दरम्यान बडोद्यात काय घडले हेही सर्वश्रुत आहे. करारानुसार ते नोकरीवर हजर झाले, परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ‘परत या’ असे करारात लिहिणाऱ्यांनी परत आलेल्याला सामावून घेण्याची तजवीज केलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी, निघण्यापूर्वीची चिठ्ठी आणि परतल्यावरची जागा, आजच्या अभ्यागताच्या बाबतीतही तितक्याच निर्णायक आहेत.

दोन कागदांचा घोटाळा

सामान्य समज असा की पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आहे तोवर काळजी नाही. हा समज अर्धाच खरा आहे. व्हिसा हा दाराशी दाखवावयाचा कागद होय. तो अमेरिकेच्या विमानतळावर उतरून प्रवेश मागण्यासाठी लागतो. आत राहण्याचा अधिकार ज्यावर अवलंबून असतो तो कागद म्हणजे यजमान विद्यापीठाने दिलेला ‘डीएस-२०१९’ हा नमुना. त्यावर अभ्यागताचे काम, त्याचा वर्ग आणि कामाच्या मुदतीच्या तारखा नोंदलेल्या असतात. अल्पकालीन अभ्यागतास अधिकात अधिक सहा महिने, तर प्राध्यापक व संशोधक या वर्गांस पाच वर्षांपर्यंत राहता येते.

यातून दोन परस्परविरुद्ध प्रसंग उद्भवतात. पहिला असा की व्हिसाची तारीख उलटली आहे, पण नमुन्याची मुदत शिल्लक आहे. असा अभ्यागत अमेरिकेत कायदेशीरपणे काम करीत राहू शकतो. मात्र तो देशाबाहेर पडला तर नवा व्हिसा घेतल्यावाचून त्याला परतता येत नाही. दुसरा प्रसंग याच्या उलट. व्हिसा अजून वर्षभर चालणार आहे, परंतु विद्यापीठातील काम संपले आहे. काम संपल्यावर सामानसुमान आवरण्यासाठी व देश पाहण्यासाठी तीस दिवसांची सवलत असते. त्या तीस दिवसांत सीमा ओलांडली तर त्याच नमुन्यावर पुन्हा आत येता येत नाही, मग व्हिसावरील तारीख काहीही असो.

तिसरी बाब सर्वांत लहान आणि म्हणून सर्वांत अधिक विसरली जाणारी. मध्येच मायदेशी येऊन परतावयाचे असेल तर निघण्यापूर्वी यजमान विद्यापीठातील अधिकाऱ्याची प्रवास-संमतीची सही त्या नमुन्यावर असावी लागते. ही सही साधारणपणे एक वर्ष, आणि अल्पकालीन अभ्यागतांच्या बाबतीत सहा महिने ग्राह्य धरली जाते. पुढे काही काळ परतावयाचे नसेल तर लांबलेल्या गैरहजेरीस विद्यापीठाची संमती आहे, हेही लेखी असणे श्रेयस्कर. आंबेडकरांनी १९१७ साली जी परवानगी सोबत घेतली, तिचेच हे आजचे रूप आहे. सही करण्यास पाच मिनिटे लागतात. ती नसल्यास पाच वर्षांचे संशोधन विमानतळावरील एका खोलीत अडकून पडू शकते.

वकिलातीच्या दाराशी

व्हिसाची तारीख उलटलेल्या अभ्यागतास मायदेशी येणे म्हणजे मुंबईच्या वकिलातीत पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा मुलाखत. समजा, कोल्हारच्या एखाद्या संशोधकाची आई आजारी पडली. तो दहा दिवसांची रजा घेऊन निघाला. आईची भेट झाली, कदाचित अंत्यविधीही त्याच्याच हातून झाला. दहाव्याचा पिंड नदीकाठी ठेवीत असताना त्याच्या मनात एका बाजूला आई असते आणि दुसऱ्या बाजूला मुलाखतीची तारीख. ती तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तर तिकडचा प्रयोग, तिकडची घरभाड्याची देणी आणि शाळेत जाणारी मुले यांचे काय करावयाचे, हा विचार त्या क्षणी करावा लागणे यासारखी विटंबना नाही. निकडीच्या कारणासाठी मुलाखत लवकर मिळावी अशी विनंती करण्याची सोय आहे. परंतु ती सोय आहे हे ठाऊक असावे लागते, आणि कारणाचे कागद हाताशी असावे लागतात.

मुलाखत झाली म्हणजे सुटका झाली असेही नाही. विषय संवेदनशील वाटला तर अर्ज अधिक छाननीसाठी बाजूला ठेवला जातो आणि त्या छाननीला मुदतीचे बंधन नसते. विद्वत्तेचा मान तेथे उपयोगी पडतोच असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक, ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना २००६ साली फ्लोरिडा विद्यापीठाने बोलावले असता चेन्नईच्या वकिलातीत त्यांच्या संशोधनाविषयी शंका घेऊन व्हिसा अडवला गेला. बोभाटा झाल्यावर तो देऊ करण्यात आला. तोवर त्यांनी जाण्याचा विचार सोडला होता. त्यांच्यामागे आंतरराष्ट्रीय कीर्ती होती म्हणून वृत्तपत्रांनी दखल घेतली. ग्रामीण महाविद्यालयातील साहाय्यक प्राध्यापकाची दखल कोण घेणार?

२०२५ हे वर्ष तर या बाबतीत विशेष अस्थिर ठरले. मेच्या अखेरीस अमेरिकी सरकारने विद्यार्थी व विनिमय व्हिसांसाठी नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, अशी अट आली. सप्टेंबरमध्ये मुलाखतीवाचून नूतनीकरणाची सवलत बहुतेकांच्या बाबतीत संपली, आणि अर्ज स्वतःच्या देशात किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असे फर्मान निघाले. पूर्वी एखादा अभ्यागत परिषदेच्या निमित्ताने तिसऱ्या देशात जाऊन तेथूनच व्हिसा नवा करून घेई. ती वाट अरुंद झाली. ऑगस्टमध्ये वास्तव्याची मुदत कामाशी न बांधता ठराविक वर्षांची करावी, असा प्रस्तावही प्रसिद्ध झाला. गेल्या वर्षी सहकाऱ्याने सांगितलेला नियम यंदा लागू असेल असे म्हणूनच कोणी धरून चालू नये. विचारावयाचे ते यजमान विद्यापीठाच्या कार्यालयास, आणि तेही तिकीट काढण्यापूर्वी.

एक सवलत मात्र जुनी व उपयुक्त आहे. व्हिसाची तारीख उलटली असली तरी तीस दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी कॅनडा वा मेक्सिकोत जाऊन, नमुना व आगमनाची नोंद वैध असल्यास, परत येता येते. त्यातही अट आहे. त्या भेटीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ही सवलत जाते. शिवाय भारतीय पासपोर्टधारकास कॅनडात शिरण्यासाठी कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतोच. स्वस्त तिकिटाच्या मोहाने लंडनमार्गे वा युरोपमार्गे येणाऱ्यांनी, विमान बदलण्यापुरता तरी तेथे पारगमनाचा परवाना लागतो काय, हे पाहून घ्यावे. वैध अमेरिकी व्हिसा असताना मिळणारी सूट तो उलटल्यावर मिळेलच असे नाही.

दोन वर्षांची अट

या व्हिसाभोवती सर्वाधिक गैरसमज आहेत ते ‘दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या’ अटीविषयी. ज्यांचा खर्च अमेरिकी वा आपल्या सरकारने केला, जे वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी गेले, किंवा ज्यांचे विषय त्यांच्या देशाला विशेष गरजेचे म्हणून यादीत होते, अशांना ही अट लागू होते. ९ डिसेंबर २०२४ पासून त्या विषयांच्या यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले आणि केवळ यादीमुळे बांधले गेलेले अनेक भारतीय संशोधक मोकळे झाले. फुलब्राइटसारख्या सरकारी शिष्यवृत्तीवर जाणारे आणि डॉक्टर मात्र अजूनही बांधलेले आहेत.

या अटीचा अर्थ दोन वर्षे अमेरिकेत पाऊल टाकता येत नाही असा लावला जातो, तो चुकीचा. परिषदेला वा नातलगांच्या भेटीला जाता येते. दोन वर्षे पुरी होईपर्यंत नोकरीचा एच व्हिसा वा कायम वास्तव्याचा हक्क मात्र मिळत नाही. याहून वेगळी अशी आणखी एक अट आहे: प्राध्यापक वा संशोधक वर्गातील काम संपल्यावर त्याच वर्गात पुन्हा जाण्यास चोवीस महिने थांबावे लागते. या दोन अटी एकच समजून अनेकांनी चालून आलेली निमंत्रणे नाकारली असतील, आणि अनेकांनी नको तेव्हा काम संपवले असेल.

डॉक्टरांच्या बाबतीत तर या अटीला एक विलक्षण वळण आहे. जो डॉक्टर अमेरिकेतील वैद्यकीय टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करील, त्याला दोन वर्षांच्या अटीतून सूट देण्याची योजना तेथे १९९४ पासून चालू आहे. प्रत्येक राज्याला दर वर्षी अशा तीस डॉक्टरांची शिफारस करता येते. म्हणजे प्रवरेच्या खोऱ्यात ग्रामीण आरोग्याचे धडे घेतलेला तरुण परत न येता तिकडच्या एखाद्या ओस पडत चाललेल्या खेड्यात दवाखाना चालवतो. त्यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. आपल्या खेड्याची निकड अमेरिकेने कायद्यात लिहून ठेवली. इकडच्या खेड्याची निकड भाषणांत राहिली.

पाठवणाऱ्यांचे कर्तव्य

अभ्यागताला पाठवणाऱ्या संस्थेची जबाबदारी रजा मंजूर केल्याने संपत नाही. अमेरिकी विद्यापीठांत परदेशी अभ्यागतांसाठी स्वतंत्र कार्यालय असते. इकडे ते काम ‘ज्याला माहिती आहे त्याला विचारा’ या न्यायाने चालते. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र कार्यालय परवडणार नाही, हे खरे. परंतु विद्यापीठाने वा मोठ्या शिक्षणसंस्थेने एका कारकुनाला आणि एका अध्यापकाला या कामात तयार करणे अवघड नाही. जाऊन आलेल्यांचा अनुभव लिहून ठेवणारी एक नोंदवही, विमा पुरेसा आहे की नाही हे पाहणारी एक नजर, आणि संकटाच्या वेळी तिकडच्या कार्यालयाशी बोलू शकणारा एक माणूस, एवढ्याने निम्मे अनर्थ टळतील. विम्याचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. या व्हिसावर जाणाऱ्यास व त्याच्या कुटुंबास प्रत्येक आजारास एक लाख डॉलरपर्यंतचा विमा असणे नियमानेच आवश्यक आहे. मृत्यू ओढवल्यास पार्थिव मायदेशी आणण्याच्या खर्चाची तरतूदही त्यात असावी लागते. ते कलम वाचावेसे कोणालाच वाटत नाही, आणि नेमके तेच कलम घरच्यांनी वाचलेले असावे.

दुसरे कर्तव्य याहून मोठे. परत आलेल्या अध्यापकाला त्याने शिकलेले वापरण्याची संधी मिळाली पाहिजे. एक वर्ष प्रयोगशाळेत काढून आलेल्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी परीक्षेचे पर्यवेक्षण आणि जुनेच वेळापत्रक आले, तर पुढच्या खेपेस तो कशासाठी परतेल? बडोद्यात १९१७ साली जे घडले त्यामागे जातीचे क्रौर्य होते. आजची उपेक्षा तशी नसेल, परंतु परतणाऱ्याला जागा नसणे या अर्थी तिचा परिणाम वेगळा नाही. माणसाने परत यावे ही अपेक्षा त्याच्यासाठी जागा राखणाऱ्यालाच शोभते.

परराष्ट्राचे नियम कोल्हारमध्ये बसून बदलता येणार नाहीत. ते सैल होतील, आवळतील, पुन्हा सैल होतील. ते वेळेवर वाचणे, निघण्यापूर्वी ती एक सही घेणे, आणि परतणाऱ्यासाठी काम तयार ठेवणे एवढे मात्र इकडच्या हातात आहे. प्रवरेवरचा पूल माणसांना जायला उपयोगी पडतो तसा परत यायलाही पडतो, म्हणूनच त्याला पूल म्हणतात. विद्येच्या विनिमयाला वेगळा न्याय लावता येणार नाही.